पदवीतलं शेवटचं अक्षर

टोकियोतल्या आपल्या मंडळींच्या कोणत्याही कार्यक्रमाला गेले, गणपती असो, कोजागरी असो, की जेवणाच्या रांगेत कोणीतरी हळूच बाही वर करतं. ‘‘ताई, तुम्ही स्किनच्या डॉक्टर ना? जरा हे बघता का?’’ मग केस गळण्याबद्दल विचारणा होते, मग लेकीच्या पिंपल्सबद्दल. आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न, ‘‘पण स्किनचं शिकायला एवढी वर्षं कशाला लागतात हो? शेवटी मलमच तर द्यायचं असतं!’’

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. कारण त्याचं उत्तर देण्यासाठी मला दोन देशांतल्या दोन शाळा आठवाव्या लागतात. मी मूळची विदर्भातली. एमबीबीएस आणि एमडी दोन्ही तिकडच्याच सरकारी कॉलेजांतून केलं. यजमानांच्या नोकरीमुळे जपानला आले. इथला वैद्यकीय परवाना माझ्याकडे नाही, त्यामुळे इथे मी रुग्णांवर उपचार करत नाही. पण भाषा शिकले, आणि आता एका विद्यापीठ रुग्णालयाच्या त्वचा विभागात संशोधनाचं काम करते. दर आठवड्याला तिथल्या केस चर्चेला बसते. शिकाऊ डॉक्टर काय शिकतात, कसं शिकतात, हे जवळून बघायला मिळतं.

आधी आपल्याकडचं सांगते. तुम्ही लहान असताना गावातल्या पाट्या आठवतात का? ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ’. आता त्या जागी ‘स्किन, हेअर अँड लेझर क्लिनिक’ असं झगमगतं. पण पदवीचं नाव अजून तेच आहे : एमडी, डीव्हीएल. डी म्हणजे डर्मेटॉलॉजी, व्ही म्हणजे व्हेनेरिऑलॉजी आणि एल म्हणजे लेप्रसी. तीन वर्षांत ही तिन्ही अक्षरं शिकायची. आज प्रवेश परीक्षेत वरच्या नंबरात आलेली मुलं ‘डर्मा’ घेतात, रात्रीची इमर्जन्सी कमी, कॉस्मेटिकची कमाई चांगली, हे खरंच आहे. पण सरकारी कॉलेजच्या ओपीडीत पहिल्याच सोमवारी कळतं, की लेझर फार लांब आहे. समोर दीडशे माणसं उभी असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना गजकर्ण झालेलं असतं.

तर पहिली गोष्ट शिकतो ती बघायला. हसू नका, बघणं शिकावं लागतं. डाग सपाट आहे की उंचावलेला, कड स्पष्ट आहे की विरत गेलेली, मध्यभाग बरा होत चाललाय का, खवले कसे आहेत, डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत की एकाच बाजूला. हे सगळं खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा निसटतो. दाखवायला आणलेला हात बघून थांबायचं नाही, पाठ बघायची, तळपाय बघायचे, नखं बघायची, तोंडाच्या आत बघायचं. नऊवारीतल्या आजी, ‘‘अगं बाई, हाताला झालंय, पायाचं काय बघतेस?’’ म्हणून रागवायच्या.

दुसरी गोष्ट हात लावायला. त्वचेच्या डॉक्टरने रुग्णाला हात लावला नाही तर रुग्णाला वाटतं, आपला आजार घाण आहे. खाजेने किंवा सोरायसिसने गांजलेल्या माणसाला घरात कोणी शेजारी बसू देत नसतं. मग डॉक्टरचा हात हेच त्याचं पहिलं औषध होतं.

तिसरी गोष्ट ऐकायला, आणि इथे ‘व्ही’ येतो. गुप्तरोगाचा रुग्ण कधीच ‘मला हे झालंय’ म्हणून सुरुवात करत नाही. तो अशक्तपणाने सुरू करतो, मग पाठदुखीवर जातो आणि दार ओढून घ्यायला उठला की खरं सांगतो. तोपर्यंत गप्प बसायला शिकणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, पुस्तकात नसला तरी.

गजकर्णाची एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती थेट जपानशी जोडलेली आहे. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्ण हट्टी झालंय, औषधांना दाद देत नाही. याचं एक मोठं कारण म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरत जाते. ही बुरशी प्रवासही करते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी इथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीचा अभ्यास करून तिला वेगळी प्रजाती ठरवलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुरून उरते. तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यातला ‘इंडो’ आपलाच! तेव्हा भारतातून येताना बॅगेत मसाल्यांबरोबर ‘ते एक पिवळं-लाल ट्यूब’ आणत असाल, तर कृपा करून आणू नका.

आता इथलं शिक्षण. जपानमध्ये वैद्यकीय शिक्षण सहा वर्षांचं. मग राष्ट्रीय परीक्षा, मग सगळ्या विभागांतून फिरवणारं दोन वर्षांचं प्राथमिक प्रशिक्षण, जे २००४ पासून सक्तीचं आहे. त्यानंतर ‘हिफुका’ म्हणजे त्वचा विभाग निवडला, तर आणखी पाच वर्षं. आमच्या विभागातले शिकाऊ डॉक्टर स्वतः बायोप्सी घेतात, तिच्या काचा स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात, त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला उभे राहतात आणि त्याच रुग्णाच्या पुढच्या औषधोपचारातही असतात. आपल्याकडे ही कामं बहुतेक ठिकाणी चार विभागांत वाटलेली असतात.

इथे मी शिकलेली सगळ्यात सुंदर गोष्ट तळपायाची. गोऱ्या लोकांत मेलानोमा हा कर्करोग उन्हाने भाजलेल्या पाठीवर, पायावर होतो. जपान्यांमध्ये आणि आपल्यातही तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो, जिथे कोणी बघतच नाही. शिन्शू विद्यापीठातल्या जपानी डॉक्टरांनी डर्मोस्कोप या छोट्या भिंगातून तळव्यांवरचे हजारो डाग बघून एक खूण सांगितली. तळव्याच्या कातडीवर बारीक रेषा असतात ना, त्या म्हणजे आपल्या शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या. काळा रंग सरीत, म्हणजे खोलगट भागात असेल, तर तो बहुधा साधा तीळ. पण रंग वरंब्यावर चढलेला असेल, तर संशय घ्यायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे तर माझ्या आजोबांनाही समजावता आलं असतं. आता जगभर ही खूण शिकवली जाते.

दुसरी गोष्ट मलमाची. हो, तेच मलम! इथे स्टेरॉइड मलमांच्या ताकदीनुसार पाच पायऱ्या आहेत, आणि कुठल्या जागेला कुठली पायरी, किती दिवस, हे शिकाऊ डॉक्टरला पाठ असावं लागतं. मलम किती लावायचं याचंही माप आहे : ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम होते, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मुलाला ॲटोपी, म्हणजे सतत खाजणारा एक्झिमा असेल, तर नर्स आईला बसवून साबणाचा फेस कसा करायचा इथपासून शिकवते. टॅक्रोलिमस नावाचं स्टेरॉइड नसलेलं एक मलम आहे. विदर्भात मी ते कितीतरी जणांना लिहून दिलं होतं. त्याचं मूळ औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलं, हे मात्र इथे आल्यावर एका रविवारी त्सुकुबाला फिरायला गेले तेव्हा लक्षात आलं. नावातला ‘टी’ त्सुकुबाचाच.

आपल्या पालकांसाठी एक कामाची गोष्ट. इथली पुस्तकं फिक्या त्वचेवर लिहिलेली आहेत. ‘लाली’ हा शब्द त्यात पानोपानी येतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती तपकिरी दिसते, जांभळट दिसते, कधी राखाडी. त्यामुळे आपल्या मुलाचा एक्झिमा आहे त्यापेक्षा सौम्य वाटू शकतो. डॉक्टरांना सांगा, की हा रंग नेहमीचा नाही. बरं असतानाचा फोटो दाखवा. रात्री किती वेळा खाजवून उठतो तेही सांगा. जपानी डॉक्टर हे नीट ऐकून घेतात, वहीत लिहूनही घेतात, असा माझा अनुभव आहे.

आता शेवटचं अक्षर, एल.

आमच्याकडे एमडीच्या परीक्षेत कुष्ठरोगाची केस जवळजवळ ठरलेली असायची. त्यामुळे तीन वर्षं हाताला तीच सवय. फिकट चट्टा दिसला, की कापसाचा बोळा फिरवायचा. एका परीक्षानळीत कोमट पाणी, एकीत गार, डोळे मिटायला सांगून विचारायचं, ‘‘गरम की थंड?’’ मग नसा चाचपायच्या : कोपराच्या मागची, मानेवरची, गुडघ्याच्या बाजूची. जाड झालेली नस बोटाखाली सुतळीसारखी लागते. निदान वेळेत झालं, तर तीन औषधांच्या गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर, सरकारकडून फुकट, आणि माणूस बरा. उशीर झाला, तर जंतू मरतात पण मेलेली नस परत येत नाही. एवढं सोपं आणि एवढं अवघड. भारताने २००५ अखेर कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही आपल्याच देशात सापडतात.

इथे एकदा केस चर्चेत प्राध्यापकांनी सहज विचारलं, ‘‘हॅन्सेन आजाराचा रुग्ण कोणी प्रत्यक्ष पाहिलाय?’’ खोलीतल्या तरुणांपैकी एकाचाही हात वर झाला नाही. वर झाले ते दोन हात, एक निवृत्तीला आलेल्या डॉक्टरांचा आणि एक माझा. यात त्या मुलांचा काही दोष नाही. जपानमध्ये वर्षाला मोजकेच नवे रुग्ण सापडतात आणि त्यातले बरेचसे परदेशातून आलेले असतात. तरुण डॉक्टरांना हा आजार पुस्तकातल्या दोन पानांतून आणि एका संग्रहालयातून शिकावा लागतो.

ते संग्रहालय टोकियोतच आहे, हिगाशिमुरायामाला. किओसे स्टेशनवरून बस मिळते, प्रवेश मोफत आहे. मी तिथे गेले ती एका नावाच्या ओढीने. आमच्या पुस्तकात ‘मित्सुदा टेस्ट’ होती. कुष्ठरोगाच्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती किती आहे, ते सांगणारी. टोचायचं आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ बघायची. परीक्षेला हमखास प्रश्न. मित्सुदा हे माझ्यासाठी एका गाठीचं नाव होतं.

संग्रहालयात ते माणूस म्हणून भेटले. मित्सुदा केन्सुके. आयुष्यभर कुष्ठरुग्णांत राहिले, देशाचा मोठा सन्मान मिळवला. आणि याच मित्सुदांनी रुग्णांना आजन्म कोंडून ठेवण्याचा आग्रह धरला, १९१५ पासून रुग्णालयातल्या पुरुषांच्या नसबंदीला सुरुवात केली. जपानने १९०७ मध्ये पहिला कायदा केला, १९३१ मध्ये तो सगळ्या रुग्णांना लागू केला. १९५३ मध्ये, म्हणजे औषध हाती आल्यानंतरसुद्धा, कोंडून ठेवणं चालूच ठेवलं. कायदा रद्द झाला तो १९९६ मध्ये! आत जाताना रुग्णाचे पैसे काढून घेऊन आतच चालणारी नाणी देत. घरच्यांना त्रास नको म्हणून लोक नाव बदलत. गेल्यावर अस्थी न्यायलाही कोणी येत नसे. म्हणून प्रत्येक वसाहतीत अस्थी ठेवण्याची जागा आहे. एका छायाचित्रापुढे मी बराच वेळ उभी राहिले. दृष्टी गेलेला एक माणूस ब्रेलचं पुस्तक जिभेने वाचतोय. बोटांत संवेदनाच उरली नव्हती. त्वचा म्हणजे काय, हे मला त्या चित्राइतकं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही.

त्या काळात उलटं बोलणारे डॉक्टरही होते. क्योटो विद्यापीठातले ओगासावारा नोबोरू सांगत होते, की हा आजार फारसा सांसर्गिक नाही आणि कोंडून ठेवायची गरजही नाही. ते रुग्णांना बाह्यरुग्ण विभागात तपासत. १९४१ च्या परिषदेत त्यांच्यावर सगळ्यांनी मिळून टीकेची झोड उठवली. टोकियोत ओता मासाओ होते. डोळ्याभोवतीच्या निळसर डागाला जगभर त्यांचं नाव आहे, ‘नीव्हस ऑफ ओता’, आणि किनोशिता मोकुतारो या नावाने ते कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. त्यांचंही मत कोंडण्यापेक्षा औषध शोधावं, असंच होतं. मला वाटतं शिकाऊ डॉक्टरने मित्सुदांची टेस्ट शिकावी, आणि त्याच दिवशी ओगासावारांचं नावही शिकावं. हुशार, कष्टाळू, दयाळू डॉक्टरसुद्धा केवढा अन्याय करू शकतो, हे कळण्यासाठी.

शेवटी २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरलं आणि सरकारने अपील न करता माफी मागितली. २०१९ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनाही न्याय मिळाला. आपण फार पुढारलेले होतो असं मात्र समजू नका. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याच काळात वरोऱ्याला बाबा आमटे आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन उभे राहिले. जपानी लोकांच्याच मदतीने आग्र्याला ‘जालमा’ ही कुष्ठरोग संस्था उभी राहिली, जी १९७६ मध्ये भारताच्या स्वाधीन झाली. म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून आहे.

हे सगळं मी आज का लिहितेय? गेल्या वर्षी एका कार्यक्रमात एका तरुणाने अशीच बाही वर केली. (त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत.) दंडाखाली फिकट चट्टा, तिथले केस गेलेले. घराजवळच्या एका दवाखान्यात बुरशीचं मलम मिळालं होतं, चार महिने लावून झालं होतं. खाज नव्हती. खाज नाही हेच मला खटकलं. गप्पा मारता मारता कोपरामागे बोट लावलं आणि सुतळी लागली. मी निदान सांगितलं नाही, तो अधिकार इथे मला नाही. पण घरी बोलावून नीट समजावलं, कुठली शंका आहे ते जपानीत लिहून दिलं आणि मोठ्या रुग्णालयात जायला सांगितलं. बायोप्सी झाली, शंका खरी ठरली.

त्याचे प्रश्न आजाराबद्दल नव्हतेच. ‘‘व्हिसा जाईल का? ऑफिसला कळेल का? घरी कसं सांगू? लग्नाचं चाललंय.’’ इथे आता कोंडणं नाही, विम्यावर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती उरत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने मान हलवली, आणि चौथ्यांदा तेच विचारलं.

आईला त्याने दोन महिन्यांनी सांगितलं. फोन माझ्यासमोरच लावला, कारण आई घाबरली तर डॉक्टर जवळ असावी. आई म्हणाली, ‘‘आपल्याकडं आशाताई दरसाल येतात की, चट्टे बघायला. गल्लीतल्या दोघांना झालतं, गोळ्यांनी गेलं. तू गोळ्या चुकवू नकोस म्हंजे झालं. आणि जेवतोस ना नीट?’’ तो फोन ठेवून कितीतरी वेळ बोलला नाही. टोकियोत बसून तो ज्या शब्दाला घाबरत होता, त्याची भीती गावातल्या एका आशाताईने आधीच घालवून टाकली होती.

गोळ्यांचं वर्ष आता पूर्ण होत आलंय. करंगळीतली थोडी बधिरता राहील, असं डॉक्टर म्हणतात. लग्नाचं अजून ठरायचं आहे. मुलीला त्याने स्वतःच सांगितलं, तिच्या घरच्यांना सांगायचं की नाही यावर दोघांचं बोलणं चालू आहे. तो निर्णय त्यांचा.

तेव्हा वाचकहो, परदेशात असाल तर एवढं लक्षात ठेवा. खाज नसलेला, फिकट किंवा तांबूस, स्पर्श कमी कळणारा चट्टा असेल, तर मलम लावत बसू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की मी भारतातून आलोय, हॅन्सेनची तपासणी करता का? इथल्या तरुण डॉक्टरने तो आजार पाहिलेला नसेल, पण विचारलं तर तो शोधेल. आमच्या विभागातल्या त्या तरुणांना मी आता कापूस आणि दोन परीक्षानळ्या घेऊन नसा कशा चाचपायच्या ते दाखवते. परवा एका मुलीने स्वतःच्याच कोपरामागची नस शोधून काढली आणि मोठ्याने ओरडली, ‘‘आत्ता!’’ जपानीत त्याचा अर्थ ‘सापडली’.